ऑफिसचं वेलनेस ॲप आणि दवाखान्याचा खर्च: सोलापुरातून सारखे येणारे प्रश्न

अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतल्या काही युनिटांचं पगारपत्रक, पीएफ, ईएसआयसी (सरकारी कामगार विमा) आणि ग्रुप मेडिक्लेम (सगळ्या कामगारांचा मिळून दवाखान्याचा विमा) असं सगळं काम माझ्याकडं असतं, त्यामुळं मालकांचे पण फोन येतात आणि कामगारांचे पण, आणि गेल्या दोनेक वर्षात सगळ्यात जास्त विचारणा झालीय ती या ऑनलाइन वेलनेस प्रकाराची. तेच तेच व्हॉट्सॲपवर परत परत टाइप करण्यापेक्षा इथं एकदाच लिहून ठेवतो. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत, फक्त नावं काढलीत. एकाचं उत्तर दुसरीकडं आलं असेल तिथं नंबर दिलाय.

१. वेलनेस प्रोग्रॅम म्हणजे नेमकं काय? मोबाइलमध्ये ॲप टाकलं की झालं का?

ॲप हा फक्त वरून दिसणारा भाग झाला. कंपनी माणशी वर्षाचे काही पैसे भरते आणि त्यात सवयींची प्रश्नावली, पावलांचं चॅलेंज, आहाराचे व्हिडिओ, डॉक्टरशी व्हिडिओ कॉल, गोळ्यांची आठवण, कधी वर्षातून एकदा रक्त तपासणी असं सगळं मिळून येतं. विकणारे पण वेगवेगळे, कुणी नुसती ॲप कंपनी, कुणी लॅब, आणि बऱ्याचदा तुमची विमा कंपनीच, कारण २०२० मध्ये आयआरडीएआयनं, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, वेलनेसच्या सोयी पॉलिसीला कशा जोडायच्या याचे नियम काढले. म्हणून नवीन काही घ्यायच्या आधी चालू पॉलिसीचे कागद नीट वाचा, त्यात चेकअप आणि डॉक्टर कॉल आधीच असेल तर त्याच गोष्टीचे दुसऱ्यांदा पैसे भरू नका. माझ्या ओळखीच्या दोन युनिटांनी असे डबल भरले होते.

२. यानं मेडिक्लेमचा प्रीमियम खरंच कमी होतो का हो?

थेट होत नाही, आणि का होत नाही ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

ग्रुप पॉलिसी रिन्यूअलला आली की विमा कंपनी बघते की गेल्या वर्षी तुमच्याकडून किती घेतले आणि क्लेममध्ये किती गेले. धरा १५० लोकांच्या युनिटनं ९ लाख भरले आणि क्लेम ८ लाख १० हजारांचे झाले, म्हणजे रेशो ९० टक्के झाला, आता त्यांचा स्वतःचा खर्च, कमिशन, दवाखान्यांचे वाढलेले दर हे सगळं त्यात बसत नाही म्हणजे ते रेट वाढवणारच. रेशो ५५-६० असता तर तुम्हाला भाव करायला जागा राहिली असती. या हिशोबात ॲपचा कॉलमच नाही. पोरं रोज किती चालली हे विमा कंपनी विचारत नाही, ॲडमिट किती झाले आणि बिल किती झालं एवढंच बघते.

आणि युनिट २०-३० माणसांचं असेल तर बऱ्याच वेळा क्लेम न बघता वयाच्या तक्त्यावरनंच रेट देतात. एवढ्या छोट्या ग्रुपमध्ये एक बायपास झाली तर अख्ख्या वर्षाचा रेशो उडतो, एक नाही झाली तर सगळं छान दिसतं, त्यात कुठल्याही प्रोग्रॅमचं श्रेय पण नाही आणि दोष पण नाही. त्यामुळं छोट्या युनिटच्या मालकाला मी स्पष्टच सांगतो, प्रीमियम उतरेल या आशेवर हे घेऊ नका. घ्यायचं असेल तर माणसांसाठी घ्या.

३. सेल्सवाला सांगून गेला की एक रुपया घाला, तीन रुपये वाचतात. खरं आहे का?

हा आकडा त्यानं मनानं काढलेला नाही. २०१० मध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या संशोधकांनी आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून मांडलं होतं की वेलनेसवर घातलेल्या एका डॉलरमागं उपचाराचा खर्च सुमारे ३.२७ डॉलरनं आणि गैरहजेरीचा सुमारे २.७३ डॉलरनं कमी होतो. तेव्हापासून हा आकडा सगळ्या सेल्सच्या प्रेझेंटेशनमध्ये फिरतोय, आपल्याकडंही आला.

पुढं काय झालं ते मात्र कुणी सांगत नाही. त्या जुन्या अभ्यासांपैकी बऱ्याच ठिकाणी भाग घेतलेल्यांची तुलना न घेतलेल्यांशी केलेली होती. आता तुम्हीच बघा, तुमच्या युनिटमध्ये चालायचं चॅलेंज लावलं तर पहिलं नाव कोण देणार? जो आधीच पहाटे कंबर तलावाला चक्कर मारून येतो तोच. ज्याला दोन जिने चढले की दम लागतो तो नाव देत नाही. मग वर्षाअखेर नाव देणाऱ्याचा दवाखाना कमी निघाला तर त्यात ॲपनं काय केलं?

हे तपासायला इलिनॉय विद्यापीठानं २०१६ ला त्यांच्याच कर्मचाऱ्यांवर प्रयोग सुरू केला. जवळपास ४,८०० जण होते आणि कुणाला प्रोग्रॅम मिळणार कुणाला नाही हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. वर्षानंतर उपचाराच्या खर्चात, सवयींत, रजांमध्ये म्हणावा असा फरक सापडला नाही. आणि त्यांना हेही दिसलं की ज्यांनी आपणहून भाग घेतला त्यांचा खर्च प्रोग्रॅम सुरू व्हायच्या आधीपासूनच कमी होता. २०१९ मध्ये दुसरा मोठा अभ्यास आला, बीजेज नावाच्या अमेरिकन दुकानांच्या साखळीतला, ३२,९७४ कर्मचारी आणि १६० ठिकाणं, त्यातली २० चिठ्ठीनं निवडून तिथं प्रोग्रॅम लावला. दीड वर्षानं लोक सांगायला लागले की आम्ही व्यायाम जास्त करतो, वजनाकडं लक्ष देतो, पण बीपी, कोलेस्टेरॉल, वजन प्रत्यक्ष मोजलं तर फरक नाही, खर्चात नाही, गैरहजेरीत पण नाही. हा अभ्यास करणाऱ्या दोघांची नावं त्या २०१० च्या पेपरवर पण आहेत. आपलाच जुना आकडा त्यांनी जास्त कडक पद्धतीनं तपासला आणि जे आलं ते छापलं, मला याचं फार मोल वाटतं.

पुढच्या वेळी सेल्सवाला आला तर एवढंच विचारा: तुलना कुणाशी केली?

४. मग सगळं वायाच म्हणायचं का? पैसा कशातच वाचत नाही?

वाचतो की. तो कुठं वाचतो हे पेप्सिकोच्या प्रोग्रॅमच्या अभ्यासात फार चांगलं दिसतं, २०१४ ला छापून आला, सात वर्षांची माहिती होती. त्या प्रोग्रॅमचे दोन भाग होते. एकात सगळ्यांसाठी सवयी सुधारा, वजन कमी करा, ताण कमी करा. दुसऱ्यात ज्यांना आधीच शुगर, हृदयविकार, दमा असलं काही आहे त्यांच्याशी नर्स फोनवर बोलणार, गोळ्या चालू आहेत का बघणार. पहिल्या भागात एका डॉलरला पन्नासच सेंट परत आले, म्हणजे तोटा. दुसऱ्यात ३.८० डॉलर, कारण दवाखान्यात ॲडमिट होणं जवळपास ३० टक्क्यांनी घटलं. आणि या दुसऱ्या भागात होते किती, तर भाग घेणाऱ्यांतले १३ टक्के, पण उपचारखर्चातली ८७ टक्के बचत त्यांच्यातनंच आली.

म्हणजे ज्याला आजार आहे त्याचा आजार हातात ठेवला तर पैसा वाचतो, आणि माणूस पण वाचतो. २०२३ ला आयसीएमआरचा देशभराचा अभ्यास आला त्यात १० कोटींवर लोकांना डायबेटिस आणि ३५ टक्क्यांच्या वर लोकांना बीपी निघालं. शंभर माणसांच्या शेडमध्ये याचा अर्थ काय होतो ते तुम्हीच मोजा, आणि त्यातल्या अनेकांना माहीतच नसतं कारण बीपी दुखत नाही. बीपीची साधी गोळी जनऔषधीत अगदी स्वस्तात मिळते, ती न घेता दहा वर्षं गेली की किडनी जाऊ शकते, मग आठवड्याला दोन-तीन डायलिसिस. मी दोन घरं अशी जवळून बघितलीत.

आता आपल्याकडचा एक पेच. अमेरिकेत मोठ्या कंपन्या कामगाराच्या उपचाराचं बिल बहुतेक स्वतःच भरतात, त्यात ओपीडी आणि गोळ्या पण येतात, त्यामुळं वाचलेला डॉलर सरळ कंपनीच्या खिशात राहतो. आपल्या बहुतेक ग्रुप पॉलिसीत ॲडमिट झाल्याशिवाय काही मिळत नाही, गोळ्या आणि ओपीडी माणूस स्वतःच्या खिशातनं भरतो. देशाचा २०२१-२२ चा हिशोब बघितला तर आरोग्यावरच्या एकूण खर्चातला ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातनं केलेला आहे. म्हणजे चांगल्या प्रोग्रॅमचा पहिला फायदा कामगाराच्या घराला होतो, कंपनीच्या वहीत तो लगेच दिसत नाही. माझ्या मते तो करायला एवढं कारण पुरेसं आहे, पण मालकाला आधीच सांगून ठेवावं लागतं.

आणखी एक. विमा कंपनीकडनं किंवा टीपीएकडनं (कंपनीच्या वतीनं क्लेम बघणारी संस्था) गेल्या तीन वर्षांच्या क्लेमची यादी मागवा, नावं न घालता आजारवार. कुठल्याही युनिटची काढली तरी बाळंतपण, अपघात, मुतखडा, मोतीबिंदू आणि पावसाळ्यानंतरचा डेंगी असलंच बरंच निघतं. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, मग घरोघरी पिंपं आणि हौद भरलेले असतात आणि त्यातच डास होतात. डेंगीवर पावलांचं चॅलेंज काय करणार? त्यापेक्षा आठवड्यातनं एक दिवस भांडी कोरडी करा आणि झाकून ठेवा हा मेसेज मराठी-तेलुगूतनं सगळ्यांना पाठवला तर तुमचा क्लेम रेशो जास्त सुधारेल, आणि त्याला खर्च शून्य आहे.

५. आमचं ६० माणसांचं युनिट आहे, बजेट थोडं आहे. पहिलं काय करू?

कॅम्प घ्या. त्यात बीपी, शुगर, वजन-कंबर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (किडनीसाठी) एवढंच, सत्तर तपासण्यांचं पॅकेज नको, त्यात नको ते काहीतरी थोडं वरखाली निघतं आणि माणूस उगाच घाबरतो. मग खरा खर्च फॉलोअपवर करा, एक नर्स किंवा तयारीचा समुपदेशक अर्ध्या वेळासाठी, ज्यांचं बीपी-शुगर वर निघालंय त्यांना पंधरा दिवसांतनं एक फोन. "गोळी चालू आहे का? संपली का? परत मोजलं का?" बास. व्हिडिओ कॉलची सोय असेल तर ती यांना द्या, यांची अर्ध्या दिवसाची मजुरी वाचते. माझ्याकडं शंभर रुपये असतील तर तीस तपासणीला आणि सत्तर फोनला लावीन. बहुतेक ठिकाणी उलटं होतं, कॅम्प होतो, फोटो निघतात, रिपोर्ट ड्रॉवरमध्ये जातात. कॅम्प कधी घ्यायचा ते १६ मध्ये.

६. आम्ही ईएसआयसीत आहोत, आमचा मेडिक्लेम नाहीच. मग आमच्या मालकाला यात काय फायदा?

ईएसआयसीत पगार महिन्याला २१,००० पर्यंत असणारे येतात, कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के जातात, आणि तुम्ही सगळे ठणठणीत असा नाहीतर आजारी असा हा टक्का बदलत नाही. म्हणजे प्रीमियम वाचायचा प्रश्नच येत नाही. पण आजारपणाच्या रजेत कामगाराला मजुरीच्या ७० टक्केच मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, उरलेले ३० टक्के त्याच्या घराला कमी पडतात. मालकाचा लूम (यंत्रमाग) बंद राहतो किंवा बदली माणूस आणावा लागतो. तेव्हा तोटा दोघांचाही आहे, फक्त त्याचं बिल येत नाही म्हणून तो मोजला जात नाही.

अशा युनिटला ॲपवर पैसे घालू नका असंच मी सांगतो. सगळ्यांची ईएसआयसी कार्डं चालू आहेत का, घरच्यांची नावं चढलीत का, आधार जोडलंय का हे बघायला एक माणूस बसवा. अर्ध्या लोकांना माहीत नसतं की बायको-पोरांचा इलाज पण यात होतो.

७. पगार वाढून २१ हजारांच्या वर गेला तर लगेच ईएसआयसी बंद होते का?

नाही. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे दोन कालावधी असतात, मध्येच पगार वाढला तरी तो कालावधी संपेपर्यंत वर्गणी आणि संरक्षण चालू राहतं. मे मध्ये वाढला तर ३० सप्टेंबरपर्यंत. त्या आधी मेडिक्लेममध्ये नाव घालून घ्या, मध्ये एक दिवसाची पण फट ठेवू नका.

८. आम्ही दिवसभर लूमवर उभे राहायलोय आणि ॲप म्हणतंय दहा हजार पावलं चाला. आम्हाला याचा काय उपयोग?

तुमचं बरोबर आहे. दहा हजारचा आकडा मुळात डॉक्टरांनी काढलेला नाही, १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' असं होतं, तिथनं तो जगभर गेला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दम लागेल असा मध्यम व्यायाम सांगते. लूमवर आठ-दहा तास उभं राहणं हा व्यायाम होत नाही, पण त्यानं थकवा येतोच, पायाच्या शिरा फुगतात, कंबर धरते. अशा माणसाला घरी जाऊन आणखी चार किलोमीटर चाल म्हणणं मला पटत नाही.

लूमवाल्यांसाठी वेलनेस म्हणजे शेडमधलं वातावरण आधी. कापसाच्या धुळीनं छाती भरते, सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छातीत दडपण येत असेल तर ती बिसिनोसिसची, म्हणजे कापसाच्या धुळीनं होणाऱ्या छातीच्या आजाराची, जुनी ओळखीची खूण आहे, लगेच छातीच्या डॉक्टरला दाखवा, फुंकर मारायची तपासणी करून घ्या. आवाजानं कान जातात, कारखान्यांच्या नियमात आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे, आणि शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत असेल तर तुम्ही बहुतेक धोक्याच्या पट्ट्यात आहात. कानातले बूच, मास्क, बसायला स्टूल, पायाखाली जाड मॅट, आणि एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ ला जातो तेव्हा थंड पाणी आणि मिठाचं ताक. यातलं एकही ॲपमध्ये येत नाही. मालकांना कळकळीची विनंती आहे, ॲपचे पैसे आधी इकडं लावा.

९. ॲपमधला डाएट प्लॅन ओट्स, ॲव्होकॅडो, सॅलड असलं सांगतो. आम्ही काय खायचं?

ज्वारीची भाकरी खा की! आपल्या ताटात आधीच चांगलं धान्य आहे, मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर जीआय मानांकन आहे. मात्र भाकरी पण मोजूनच, शुगर असेल तर "भाकरीनं काही होत नाही" असं म्हणून चार खाऊ नका. जास्त लक्ष मिठाकडं द्या. शेंगाचटणी, लोणचं, पापड, खारे शेंगदाणे हे सगळं एका ताटात आलं की दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ ही डब्ल्यूएचओची मर्यादा एकाच जेवणात संपत येते. शेंगाचटणी सोडा असं मी कुणाला म्हणणार नाही, मलाच जमणार नाही, घरी करताना मीठ निम्मं घाला, तिखट-लसणानं चव भागते. आणि दिवसातले सहा चहा तीनवर आणा, साखर तिथंच जास्त जाते.

१०. आमच्या शेडमधल्या निम्म्या लोकांना इंग्लिश येत नाही, काही जणांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात. ॲप चालेल का?

विकणाऱ्याला मराठी आणि तेलुगूत पूर्ण डेमो दाखवायला सांगा, नुसता मेनू भाषांतर केलेला चालणार नाही, फोनवरची नर्स त्या भाषेत बोलते का ते बघा. नसेल तर घेऊ नका.

११. माझा शुगरचा रिपोर्ट मालकाला दिसतो का?

दिसायला नको. कंपनीला फक्त एकूण आकडे मिळायला पाहिजेत, म्हणजे शंभरातल्या इतक्यांचं बीपी वर आहे, नाव नाही. पण प्रत्यक्षात करारात काय लिहिलंय त्यावर असतं. मी एका ठिकाणी स्वतः बघितलंय, कॅम्पनंतर सगळ्यांचे रिपोर्ट एकाच एक्सेल शीटमध्ये नावासकट ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडले. एका पोरीचा टीबीचा जुना इतिहास सगळ्यांना कळला. तिनं काम सोडलं. ते आठवलं की अजून त्रास होतो.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मोकळेपणी आणि नेमक्या कामासाठी घेतलेली असावी, आणि दिली तितक्याच सहज परत घेता यावी असं आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्यानं आहे, पण मालकांनी वाट बघू नये. तुम्ही कामगार असाल तर सही करायच्या आधी तीन गोष्टी विचारा: रिपोर्ट कुणाकडं जातो, किती दिवस ठेवतात, मी सोडून गेलो तर पुसतात का. आणि छोट्या युनिटमध्ये "नाव नाही" याचा पण उपयोग नसतो, पाच बायका असलेल्या विभागात "एक गरोदर, एकीला थायरॉइड" लिहिलं की सगळ्यांना कळतं. दहापेक्षा कमी माणसांच्या गटाचे आकडे वेगळे देऊच नका असं करारात घाला.

१२. भाग नाही घेतला तर पगारातनं कापतील का?

अमेरिकेत प्रीमियमच्या ३० टक्क्यांपर्यंत सूट किंवा दंड लावायची मुभा आहे, तंबाखूसाठी ५० टक्क्यांपर्यंत. तिथनं ही कल्पना इकडं येते. आपल्याकडं मजुरीतनं काय कापता येतं त्याची यादी कायद्यात ठरलेली आहे, "ॲप वापरलं नाही" ही कपात त्यात बसत नाही. बक्षीस द्यायला हरकत नाही, पण "सगळ्यात जास्त चालला त्याला" असं देऊ नका, ते परत आधीच्याच फिट माणसाला जातं (३ बघा). चेकअपला आला आणि दुसऱ्यांदा बीपी मोजून गेला त्याला टॉवेल द्या, आपल्याकडं टॉवेलला काय तोटा.

१३. चेकअपमध्ये काही निघालं तर मेडिक्लेम नाकारतील अशी भीती वाटते, म्हणून मी जातच नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि या भीतीनं लोकांचं खरंच नुकसान होतंय. ग्रुप पॉलिसीत बहुतेक वेळा आधीचे आजार पहिल्या दिवसापासून कव्हर असतात, तुमच्यात ते आहे का हे एचआरला विचारून खात्री करा, तसं असेल तर शुगर निघाली म्हणून त्या पॉलिसीत तुमचं काही बिघडत नाही.

अडचण येते ती नोकरी सोडल्यावर. स्वतःची पॉलिसी घेताना निघालेला आजार सांगावाच लागतो, आणि त्याला जास्तीत जास्त ३ वर्षांचं वेटिंग (तोपर्यंत त्या आजाराचा क्लेम मिळत नाही) लागू शकतं, २०२४ आधी ते ४ वर्षांपर्यंत होतं. लपवला तर क्लेमच्या वेळी अडकतो. म्हणून चेकअप टाळू नका, जमत असेल तर नोकरीत असतानाच एक छोटी स्वतःची पॉलिसी सुरू करून ठेवा, वेटिंग तिथं चालू राहतं. ५ वर्षं सलग पॉलिसी चालली की फसवणूक सोडून बाकी माहिती दिली नाही या कारणानं क्लेम नाकारता येत नाही. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटी पण नाही, ग्रुपवर मात्र १८ टक्के आहेच.

१४. आम्ही प्रोग्रॅम घेतला आणि पहिल्याच वर्षी क्लेम वाढले! फसलो का?

बहुतेक नाही. तपासणी झाली की लपलेलं बाहेर येतं, हर्निया, मोतीबिंदू, हृदयातला ब्लॉक, ज्यांची ऑपरेशनं लोक ढकलत होते ती त्याच वर्षी होतात. याला दोन-तीन वर्षं द्यायला लागतात. याच्या उलट पण होतं. एखाद्या वर्षी क्लेम खूप झाले म्हणून घाबरून प्रोग्रॅम घेतला आणि पुढच्या वर्षी उतरले, तर लगेच ॲपला श्रेय देऊ नका, फार वाईट वर्षानंतरचं वर्ष बहुतेक वेळा आपोआपच बरं जातं. एका वर्षावरनं काही ठरवू नका. बघायचंच असेल तर मागच्या कॅम्पमध्ये बीपी वर निघालेल्यांपैकी आज किती जणांचं कंट्रोलमध्ये आहे एवढा एकच आकडा दर सहा महिन्यांनी बघा.

१५. माझी आई विडी वळते, मी ठेकेदाराकडं. आम्हाला ना ॲप ना मेडिक्लेम. आमच्यासाठी काही आहे का?

आहे, आणि सेल्सवाल्याच्या पॅकेजपेक्षा त्यातलं बरंचसं भारी आहे. तिशीच्या पुढच्यांची बीपी, शुगर, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. विडी वळणाऱ्या बाईनं तर तोंड आणि छाती दाखवायलाच पाहिजे, तंबाखूची धूळ दिवसभर नाकातोंडात जाते. ॲडमिट व्हायची वेळ आली तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा, योजनेत असलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो त्यालाच आधी भेटा, डिपॉझिट भरून बसू नका. मावा-तंबाखू सोडायचा असेल तर १८००-११-२३५६ वर फोन करा. मन ठिकाणावर नसेल, झोप लागत नसेल, कर्जाचा ताण असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, दिवसरात्र चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. महागड्या ॲपमधल्या समुपदेशनापेक्षा हा नंबर शेडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा.

ठेकेदाराच्या माणसांना कॅम्पमधनं वगळणाऱ्या मालकांना पण सांगायचंय, शेड एकच आहे, धूळ एकच आहे, साठ जणांबरोबर आणखी पंधरा जणांचं रक्त घेतलं तर खर्च फार वाढत नाही.

१६. कॅम्प कधी ठेवू? मागच्या वेळी निम्मे पण आले नाहीत.

गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या, जानेवारीतल्या) यात्रेच्या दिवसात ठेवू नका, पगाराच्या दिवशी नको, आणि ज्या भागात तुमची जास्त माणसं राहतात तिथं पाणी यायचा दिवस असेल तर मुळीच नको, बायका येऊच शकत नाहीत. कॅम्प कामाच्या वेळेत ठेवा आणि त्या तासाची मजुरी द्या, पीसरेटवाल्याला (नगावर मजुरी असते त्याला) तर नक्कीच, नाहीतर तो लूम सोडून का येईल?

उपाशीपोटी या म्हटलं की नाइट शिफ्टवाले गळतात. त्यांच्यासाठी एचबीए१सी करा, त्याला उपाशी राहायला लागत नाही, तीनेक महिन्यांची शुगरची सरासरी कळते. फक्त ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांच्यात तो आकडा चुकू शकतो आणि बायकांमध्ये ते बऱ्याचदा कमी असतं, म्हणून त्यांची साधी शुगर पण घ्या. आणि दुसरी तारीख पहिल्याच दिवशी ठरवून ठेवा, संध्याकाळी न आलेल्यांची यादी काढा आणि त्यांना एकेकाला फोन करा, कारण ज्यांना शोधायला कॅम्प घेतला ती माणसं बहुतेक त्याच यादीत असतात.